प्रायव्हेट प्रॉपर्टीचा कोनाडा: क्लास एक्स्टेन्शनमध्ये जागा मिळते, मग कॅटेगरीत का नाही?

दूध संकलन केंद्रासाठी आम्ही आयफोनवर चालणारं एक ॲप लिहीत होतो. शेतकरी किटली घेऊन येतो, दूध मोजलं जातं, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) तपासलं जातं, दर लागतो, पावती हातात पडते. प्रत्येक खेपेची माहिती ठेवणारा ‘दूधनोंद’ नावाचा एक क्लास (ऑब्जेक्ट ज्यावरून बनतात तो साचा) होता, ऑब्जेक्टिव्ह-सी या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेला. टीममधल्या एका मुलीला त्यात मशीनकडून आलेली कच्ची मापं साठवायची होती, आणि ती बाहेरच्या कोडला दिसायला नको होती. तिने वेगळ्या फाइलमध्ये क्लासला एक जोड दिली, त्या जोडीत ‘कच्चीमापं’ ही प्रॉपर्टी (ऑब्जेक्टबद्दलची नाव दिलेली एक माहिती) लिहिली आणि बिल्ड केलं, म्हणजे कोडचं ॲप बनवलं. बिल्ड झालं. एक पिवळी वॉर्निंग आली होती, पण तशा आणखी तीसेक होत्या. पहिली नोंद करायला गेल्याबरोबर ॲप बंद पडलं. कन्सोलमधल्या ओळीचा अर्थ असा होता: तुम्ही जो मेसेज पाठवलात तो या ऑब्जेक्टला ओळखता येत नाही.

“मी प्रॉपर्टी लिहिली आहे, ही काय समोर दिसतेय. मग ओळखता कशी येत नाही?” हा तिचा प्रश्न. अगदी रास्त प्रश्न आहे. ऑब्जेक्टिव्ह-सीमध्ये क्लासला जोड देण्याचे दोन प्रकार आहेत आणि दिसायला ते जुळ्या भावांसारखे आहेत. एकात क्लासच्या नावापुढच्या कंसात जोडीचं नाव असतं, ती कॅटेगरी. दुसऱ्यात कंस रिकामा असतो. ते क्लास एक्स्टेन्शन. तिने कंसात नाव लिहिलं होतं. फरक तेवढाच.

खाली जोड दोन्ही तऱ्हांनी लिहून दाखवतो. कीवर्ड उच्चारानुसार देवनागरीत लिहिले आहेत. प्रत्यक्ष कोडमध्ये ते रोमन लिपीतच लागतात.

@इंटरफेस दूधनोंद (मापं)
@प्रॉपर्टी (स्ट्राँग) एनएसॲरे *कच्चीमापं;
@एंड

ही कॅटेगरी. आणि हे एक्स्टेन्शन:

@इंटरफेस दूधनोंद ()
@प्रॉपर्टी (स्ट्राँग) एनएसॲरे *कच्चीमापं;
@एंड

पहिल्याने ॲप पडतं, दुसऱ्याने चालतं. रिकाम्या कंसात एवढं काय आहे ते समजायचं तर ‘प्रायव्हेट प्रॉपर्टी’ या शब्दांत दडलेले दोन प्रश्न आधी सुटे करायला हवेत. पहिला: या प्रॉपर्टीची किंमत मेमरीत राहणार कुठे? दुसरा: ती दिसणार कोणाला? लोक बहुतेक वेळा दुसऱ्याच प्रश्नावर बोलत राहतात. अडचण मात्र पहिल्या प्रश्नात असते.

आधी जागेचं पाहू. ‘दूधनोंद’ क्लासचा एक ऑब्जेक्ट तयार होतो म्हणजे मेमरीतला एक सलग तुकडा मागून घेतला जातो. 64 बिटच्या मशीनवर त्याच्या सुरुवातीचे 8 बाइट ‘मी कोणत्या क्लासचा’ हे सांगण्यात जातात. त्यापुढे लिटर हा दशांश आकडा, 8 बाइट. मग फॅट, आणखी 8. झाले 24. लिटर वाचायचं तर सुरुवातीपासून आठवा बाइट गाठायचा, फॅट वाचायचं तर सोळावा. प्रत्येक गोष्टीचं अंतर ठरलेलं. 24 बाइटनंतर जे आहे ते दुसऱ्या कोणाचं तरी असू शकतं.

मेथडचं, म्हणजे ऑब्जेक्टने करायच्या कामाच्या कोडचं, तसं नाही. मेथड ऑब्जेक्टमध्ये राहतच नाही. सकाळच्या गर्दीत दोनशे नोंदी तयार झाल्या तरी ‘दर काढ’ ही मेथड एकदाच असते, क्लासजवळच्या यादीत. ऑब्जेक्टला मेसेज आला की रनटाइम, म्हणजे ॲप चालू असताना भाषेची कामं सांभाळणारी यंत्रणा, त्या यादीत नाव शोधतो आणि सापडलेला कोड चालवतो. त्यामुळे कॅटेगरीने नवी मेथड आणली की फक्त ती यादी लांबते. आधी तयार झालेल्या ऑब्जेक्टच्या 24 बाइटला कोणी हात लावत नाही, तरी त्या प्रत्येकाला नवं काम येऊ लागतं. स्ट्रिंगसारख्या ॲपलच्या क्लासलाही आपण आपली मेथड जोडू शकतो ती याच जोरावर. त्या क्लासचा सोर्स कोड आपण पाहिलेलाही नसतो.

जुन्या वाड्याच्या भिंतीतला कोनाडा आठवा. तो भिंत रचतानाच सोडावा लागतो. गवंड्याला आधी सांगितलं तर तो त्या जागी विटा वेगळ्या बसवतो आणि वर आडवा दगड देतो. वाडा उभा राहिल्यावर त्याच्या ओसरीवर तुम्ही शिकवणी सुरू करू शकता, हिशेबाची बैठक मांडू शकता. वाड्याला नवं काम लावायला भिंत फोडावी लागत नाही. पण नवा कोनाडा हवा असेल तर भिंतीला हात घालावाच लागतो. मेथड म्हणजे ओसरीवरचं काम, साठवणारी प्रॉपर्टी म्हणजे कोनाडा. कॅटेगरी वाडा बांधून झाल्यावर येते. एक्स्टेन्शन हा गवंड्याच्या हातातला नकाशाचा दुसरा कागद आहे. पहिला कागद, म्हणजे बाहेरच्या कोडला दिसणारी हेडर फाइल, दारावर लावलेला असतो. दुसरा फक्त त्याच्या खिशात. भिंत रचताना तो दोन्ही बघतो.

म्हणून एक्स्टेन्शनला एक अट आहे: ते क्लासच्या मुख्य इम्प्लिमेंटेशनसोबतच, म्हणजे मेथडच्या प्रत्यक्ष कोडसोबतच, कंपाइल झालं पाहिजे. बहुतेक जण ते त्याच फाइलच्या डोक्यावर लिहितात. कंपायलर, म्हणजे कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम, मग दोन्ही कागदांची बेरीज करून ऑब्जेक्टचा आराखडा ठरवतो: 24 अधिक पॉइंटरचे (ॲरेचा पत्ता ठेवायचे) 8, एकूण 32 बाइट. किंमत वाचणारी गेटर आणि बदलणारी सेटर या मेथडही तोच बनवतो. 2012 पासून एक्सकोड या ॲपलच्या साधनातल्या कंपायलरला त्यासाठी वेगळी ओळसुद्धा लिहावी लागत नाही. कॅटेगरीतल्या प्रॉपर्टीसाठी तो यातलं काहीच करत नाही. तिथे ‘प्रॉपर्टी’ हा शब्द म्हणजे नुसतं वचन आहे, की या नावाच्या दोन मेथड कुठेतरी असतील. त्या तुम्ही लिहायच्या. आमच्या मुलीला आलेली पिवळी वॉर्निंग नेमकं हेच सांगत होती. सेटर कोणीच लिहिला नव्हता, आणि ‘समोर दिसणारी’ प्रॉपर्टी रनटाइमला सापडली नाही ती त्यामुळे. त्या दिवसापासून वॉर्निंगची संख्या शून्यावर आणण्याचा आग्रह मी धरत आलो आहे. तीस वॉर्निंगमध्ये एकतिसावी वाचली जात नाही.

इथे एक शंका हमखास येते. कॅटेगरी तर प्रोग्राम सुरू होतानाच लोड होते, तेव्हा एकही ऑब्जेक्ट तयार नसतो. मग तेव्हाच आराखडा वाढवून का घेत नाहीत? एक तर कॅटेगरी नंतरही येऊ शकते. चालू प्रोग्रामने एखादं बंडल, म्हणजे कोडचं वेगळं गाठोडं, लोड केलं तर त्यातली कॅटेगरी तेव्हा जोडली जाते, आणि तोवर शेकडो ऑब्जेक्ट जुन्या मापाचे तयार झालेले असतात. त्यांना ताणून मोठं करता येत नाही, आणि उचलून दुसरीकडे ठेवावं तर त्यांचा पत्ता धरून बसलेले सगळे पॉइंटर चुकतात. म्हणून रनटाइमचा नियम कडक आहे: चालू प्रोग्राममध्ये नवा क्लास घडवता येतो, त्यात साठवणीच्या जागा घालता येतात, पण क्लासची नोंदणी होईपर्यंतच. नोंदणी झाली की आराखडा गोठला.

एक्स्टेन्शनचा माझा सगळ्यात आवडता उपयोग मात्र नवी प्रॉपर्टी घालण्याचा नाही, असलेलीच पुन्हा जाहीर करण्याचा आहे. ‘दर’ घ्या. फॅट आणि एसएनएफवरून दर ठरतो. पावती छापणाऱ्या कोडने तो वाचावा, बदलू मात्र नये. म्हणून हेडरमध्ये ‘दर’ रीडओन्ली जाहीर करायचा आणि एक्स्टेन्शनमध्ये त्याच नावाने रीडराइट. कोनाडा एकच, पण बाहेरून काचेची तावदानं आणि आतून उघडी फळी. पावतीच्या कोडमध्ये कोणी चुकून दराला किंमत द्यायला गेलं तर तिथल्या तिथे कंपायलर अडवतो. शेतकऱ्याच्या पैशाचा आकडा ज्या ओळीत ठरतो ती ओळ प्रोग्राममध्ये एकाच फाइलमध्ये असावी, आणि ती तशी आहे हे कंपायलरने तपासावं, याइतकं समाधान मला या कामात दुसऱ्या कशात मिळत नाही. ॲपलच्या स्वतःच्या यूआयकिटमध्येही हा डाव आहे. स्पर्शाच्या खुणा ओळखणाऱ्या यूआयजेश्चररेकग्नायझर या क्लासची ‘स्टेट’ ही प्रॉपर्टी आपल्याला फक्त वाचता येते. सबक्लास, म्हणजे त्यावर आधारलेला नवा क्लास, लिहिणाऱ्यांसाठी वेगळी हेडर फाइल आहे. ती इम्पोर्ट केली की तीच प्रॉपर्टी लिहिताही येते.

ही सोय भाषेत पहिल्यापासून नव्हती. ऑब्जेक्टिव्ह-सी 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रॅड कॉक्स आणि टॉम लव्ह यांनी घडवली. स्टीव्ह जॉब्सच्या नेक्स्ट कंपनीने ती उचलली आणि नेक्स्टबरोबर ती ॲपलकडे आली. त्या काळात क्लासच्या साठवणीच्या सगळ्या जागा हेडरमध्ये उघड लिहाव्या लागत, खाजगी असल्या तरी. कारण सबक्लास कंपाइल करताना तो ज्यावर आधारलेला आहे तो बेस क्लास किती बाइटचा आहे ते माहीत असावं लागे. सबक्लासची पहिली जागा त्यापुढे सुरू होई आणि ते अंतर मशीन कोडमध्ये कायमचं छापलं जाई. समजा ऑपरेटिंग सिस्टिमच्या नव्या आवृत्तीत बेस क्लास 24 चा 32 बाइटचा झाला. जुना सबक्लास अजूनही चोविसाव्या बाइटवर आपलं लिहीत राहणार, आणि तिथे आता बेस क्लासची नवी चीज असणार. एकमेकांच्या डोक्यावर बसणं. ‘नाजूक बेस क्लास’ या नावाने हा दोष प्रोग्रामरांना ठाऊक आहे.

2007 साली मॅक ओएस एक्स 10.5 बरोबर ऑब्जेक्टिव्ह-सी 2.0 आली. प्रॉपर्टी आणि क्लास एक्स्टेन्शन त्याच वेळी आले, आणि 64 बिटच्या मॅकवर नवा रनटाइमही. त्यात अंतर छापून ठेवत नाहीत. क्लास लोड होताना रनटाइम बेस क्लास केवढा आहे ते पाहतो आणि गरज पडली तर सबक्लासच्या जागा पुढे सरकवतो. आयफोनवर हाच रनटाइम आहे. त्यामुळे साठवणीची जागा हेडरमधून काढून खिशातल्या कागदावर नेणं शक्य झालं. म्हणजे दुसरा प्रश्न, दिसणार कोणाला, सुटायला पहिला प्रश्न आधी सुटावा लागला.

पण क्लास आपला नसेल तर? ॲपलच्या एनएसस्ट्रिंग या मजकूर ठेवणाऱ्या क्लासला एक्स्टेन्शन लिहून उपयोग नाही, कारण त्याचं मुख्य इम्प्लिमेंटेशन आपल्या हातात नाही. तो गवंडी आपला नव्हे. अशा वेळी 2009 पासून, म्हणजे मॅक ओएस एक्स 10.6 पासून, असोसिएटेड ऑब्जेक्टची वाट आहे. देवळाबाहेरच्या चपलांच्या स्टँडसारखी ही व्यवस्था चालते. वस्तू तुमच्याजवळ नसते, बाहेरच्या मांडणीवर असते, आणि बिल्ला दाखवला की तुमचीच परत मिळते. रनटाइम एक मोठा तक्ता ठेवतो: अमुक ऑब्जेक्टसाठी, अमुक किल्लीवर, ही किंमत. ऑब्जेक्टच्या आकारात एका बाइटचाही फरक पडत नाही. फक्त ‘याचं काहीतरी बाहेर ठेवलेलं आहे’ अशी एक खूण होते, म्हणजे ऑब्जेक्ट नष्ट होताना रनटाइम तक्त्यातली त्याची ओळही झाडून टाकतो.

यात दोन ठिकाणी पाय घसरतो. किल्ली म्हणून मेमरीतला पत्ता वापरला जातो, त्यातला मजकूर नव्हे. दोन फाइलमध्ये तुम्ही सारखेच शब्द लिहून किल्ली केली तरी पत्ते एकच असतील याची खात्री नाही. मग ठेवलेली वस्तू सापडत नाही. त्यासाठी एक स्टॅटिक व्हेरिएबल ठेवून त्याचा पत्ता द्यावा, किंवा गेटरचा सिलेक्टर (मेथडच्या नावाची रनटाइममधली ओळख) द्यावा. दुसरं, इथे वीक रेफरन्स, म्हणजे समोरचा ऑब्जेक्ट गेला की आपोआप रिकामा होणारा पत्ता, मिळत नाही. ‘असाइन’ हा पर्याय त्यासारखा वाटतो, पण समोरचा ऑब्जेक्ट नष्ट झाल्यावर तो पत्ता आपोआप रिकामा होत नाही. पुढच्या वाचनाला ॲप पडतं, आणि दर वेळी पडत नाही, हे अधिक वाईट. माझं मत विचाराल तर हा मार्ग परक्या क्लाससाठीच राखावा. स्वतःच्या क्लासला बिल्ले वाटत बसू नये. तिथे कोनाडा ठेवायची मुभा आहे.

2014 मध्ये ॲपलची नवी भाषा स्विफ्ट आली आणि शब्दांचा नवा घोळ झाला. स्विफ्टमध्येही ‘एक्स्टेन्शन’ आहे, पण ते ऑब्जेक्टिव्ह-सीच्या एक्स्टेन्शनचं नव्हे, कॅटेगरीचं भावंड आहे. त्यात हिशेब करून उत्तर देणारी प्रॉपर्टी चालते, साठवणारी चालत नाही. लिटर गुणिले दर बरोबर रक्कम, ही प्रॉपर्टी खुशाल लिहा. कच्ची मापं साठवायला गेलात तर कंपायलर वॉर्निंगवर सोडत नाही, एररच देतो. आमच्या मुलीला स्विफ्टमध्ये तो क्रॅश दिसलाच नसता. शिवाय स्विफ्टच्या स्ट्रक्टला बिल्ल्याची वाटही नाही, कारण त्याला स्वतःचा असा पक्का पत्ता नसतो. किंमत एका व्हेरिएबलमधून दुसऱ्यात कॉपी होत जाते, आणि ॲरेमध्ये स्ट्रक्ट एकाला एक लागून ठेवलेले असतात. मधल्या एकाचं माप वाढलं तर सगळी रांग ढासळेल.

मग स्विफ्टमध्ये प्रायव्हेट प्रॉपर्टी लिहायची कुठे? क्लासच्या मूळ जाहीर करण्यातच, पुढे ‘प्रायव्हेट’ लावून. हेडर फाइल नाहीच, त्यामुळे लपवायला दुसरा कागद लागत नाही. आणि ती वापरणारा कोड त्याच फाइलमधल्या एक्स्टेन्शनमध्ये बिनधास्त लिहायचा. स्विफ्ट 3 मध्ये, 2016 साली, हे चालत नव्हतं. प्रायव्हेट गोष्ट त्याच कंसाच्या आत दिसे, शेजारच्या एक्स्टेन्शनलाही नाही. लोक मग नाइलाजाने जागोजागी ‘फाइलप्रायव्हेट’, म्हणजे त्या पूर्ण फाइलला दिसणारं, असं लिहू लागले. 2017 च्या स्विफ्ट 4 मध्ये नियम सैल झाला: एका फाइलमधला प्रकार आणि त्याची तिथलीच एक्स्टेन्शन यांना एकमेकांचं प्रायव्हेट दिसतं. दुसऱ्या फाइलमधल्या एक्स्टेन्शनला दिसत नाही.

बाकीच्या भाषांची गोष्ट थोडक्यात आटोपते. कोटलिनमध्ये एक्स्टेन्शन प्रॉपर्टी आहे, पण तिच्यामागे साठवणीची जागा नाही आणि मूळ क्लासमधलं प्रायव्हेट तिला दिसतही नाही. जावास्क्रिप्टमध्ये 2015 पासून वीकमॅप आहे आणि सी-शार्पवाल्यांकडे डॉटनेट 4 पासून कंडिशनलवीकटेबल. दोन्ही चपलांची स्टँडच, ऑब्जेक्ट गेला की ओळ जाणारी.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे: दिसणार कोणाला. ऑब्जेक्टिव्ह-सीच्या एक्स्टेन्शनमधली प्रॉपर्टी प्रायव्हेट आहे ती कंपायलरपुरती. रनटाइमला गेटर आणि सेटर या इतर कुठल्याही मेथडसारख्याच मेथड. नाव ठाऊक असलेला माणूस की-व्हॅल्यू कोडिंगने, म्हणजे प्रॉपर्टीचं नाव मजकूर म्हणून देऊन, ती प्रॉपर्टी वाचू शकतो. म्हणून त्यात पासवर्ड ठेवून निर्धास्त होऊ नका. पण मुद्दाम डोकावणाऱ्यापेक्षा मला भीती वाटते ती नकळत होणाऱ्या टकरीची, आणि ती आम्ही अनुभवली.

‘दूधनोंद’च्या एक्स्टेन्शनमध्ये ‘स्थिती’ नावाची प्रॉपर्टी होती: 0 म्हणजे माप बाकी, 1 म्हणजे माप झालं. म्हशीच्या दुधासाठी ‘म्हैसनोंद’ हा सबक्लास दुसऱ्या कोणीतरी लिहिला, आणि त्यानेही आपल्या एक्स्टेन्शनमध्ये ‘स्थिती’च ठेवली: 0 म्हणजे पावती बाकी, 1 म्हणजे पावती छापली. दोघांनाही एकमेकांचा खिशातला कागद दिसत नव्हता. कंपायलरनेही तक्रार केली नाही, कारण एक फाइल कंपाइल करताना त्याला दुसरीतलं एक्स्टेन्शन दिसत नाही. मेमरीत दोन वेगळ्या जागा तयार झाल्या. पण मेसेज नावाने शोधला जातो आणि शोध सबक्लासपासून सुरू होतो. त्यामुळे बेस क्लासमधला कोड जेव्हा स्वतःला ‘स्थिती 1 कर’ म्हणाला, तेव्हा सेटर चालला तो सबक्लासचा. माप झालं आणि त्याच क्षणी पावती छापल्याची नोंद झाली. गायीच्या दुधाच्या पावत्या निघत होत्या, म्हशीच्या निघत नव्हत्या. दोन दिवस आम्ही प्रिंटर तपासत बसलो.

शेवटी गेटरवर ब्रेकपॉइंट, म्हणजे प्रोग्राम तिथे थांबवणारी खूण, लावला आणि थांबलेली ओळ अनपेक्षित फाइलमध्ये दिसली. मग ‘दूधनोंद’चं एक्स्टेन्शन इम्प्लिमेंटेशन फाइलमधून उचलून एका वेगळ्या खाजगी हेडरमध्ये ठेवलं, आणि तो सबक्लासच्या फाइलमध्ये इम्पोर्ट केला. लगेच कंपायलरने वॉर्निंग दिली, की या नावाची प्रॉपर्टी बेस क्लासमध्ये आहे, मी इथे वेगळी बनवणार नाही. एकाचं नाव ‘मापस्थिती’ झालं, दुसऱ्याचं ‘पावतीस्थिती’, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहाच्या पाळीला म्हशीच्या दुधाची पहिली पावती निघाली.